शिशाच्या गोळ्यांचे साचे, जुने आणि नवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिसे वितळवून बंदुकीच्या गोळ्या घरी ओतण्याचा छंद दीडशे वर्षांहून जुना आहे. त्यामुळे तिथल्या बाजारात 1890 च्या आसपासचे साचे आणि कालपरवा सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर कापलेले साचे शेजारी शेजारी विकायला असतात. दोन्हींवर नंबर तोच, पण गोळी वेगळी पडते. बहुतेक प्रश्न इथूनच सुरू होतात. या पानावर ‘गोळी’ म्हणजे फक्त पुढचा शिशाचा भाग. पितळी केस (काडतुसाचे कवच), प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), दारू यांचा इथे विषय नाही. मापे इंचात दिली आहेत, कारण साच्यांवर तीच कोरलेली असतात. 0.001 इंच म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या बोलीतला एक थाऊ, 0.0254 मिलिमीटर.

साच्याचे भाग कोणते?

दोन ठोकळे, त्यांच्यात निम्मी निम्मी कोरलेली पोकळी, ठोकळे नेमके जुळावेत म्हणून पिना, वर आडवी फिरणारी स्प्रू प्लेट आणि सांडशीसारखे हँडल. स्प्रू प्लेटला भोक असते. त्यातून शिसे ओतले की पोकळी भरते आणि वर थोडे शिसे गड्ड्यासारखे उरते, त्याला स्प्रू म्हणतात. ते गोठले की प्लेट फिरवायची, स्प्रू कापला जातो आणि गोळीचा बूड सपाट होतो. बहुतेक साच्यांत बूड वर आणि नाक खाली असते. बुडाची कड जरा जरी गोलसर राहिली तरी गोळी नळीतून बाहेर पडताना तिरकी ढकलली जाते. नाकावरची बारीक खोट चालून जाते, बुडावरची चालत नाही.

साच्यावरचा नंबर कसा वाचायचा?

आयडियल आणि लायमन या साचे बनवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांची पद्धत सोपी आहे. 429421 या नंबरात पहिले तीन आकडे व्यास सांगतात, 0.429 इंच. पुढचे 421 हा त्या आकाराचा अनुक्रमांक. 457124 म्हणजे 0.457 व्यास आणि 124 क्रमांकाचा आकार. नंबरानंतर अक्षरे असतील तर बुडाला तांब्याची टोपी बसते का, नाक पोकळ आहे का, असे काहीतरी ती सांगतात.

आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी जॉन बार्लो यांनी 1884 मध्ये कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे सुरू केली. 1910 मध्ये ती मार्लिनकडे गेली आणि 1925 मध्ये लायमनने घेतली. लायमनने ‘आयडियल’ हे नाव पुढे कित्येक वर्षे साच्यांवर चालू ठेवले, म्हणून नुसते नाव वाचून साचा किती जुना ते ठरवू नये. इतर कंपन्यांची रीत वेगळी. हेन्स्ली अँड गिब्सचे नंबर नुसते क्रमांक आहेत: 68 म्हणजे .45 ऑटो या काडतुसाची 200 ग्रेनची गोळी (ग्रेन हे वजनाचे माप), 503 म्हणजे .44 ची कीथ धाटणीची (एल्मर कीथ या अमेरिकी नेमबाज-लेखकाच्या आखणीची). त्यांत व्यास कुठेच लिहिलेला नसतो. आरसीबीएसच्या 44-250-K मध्ये कॅलिबर, वजन आणि आकार असा क्रम असतो.

कधी आकार तोच राहून नंबर बदलतो. .45 कोल्टसाठीचा 454424 पुढे 452424 झाला. जुन्या .45 कोल्टच्या नळ्या 0.454 च्या आसपास असत, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या 0.451 ते 0.452, त्यामुळे साचाही खाली आणावा लागला. जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी साचा शोधणाऱ्याने 454424 हाच नंबर धरून शोधावे.

एकाच नंबराच्या दोन साच्यांतून वेगवेगळ्या मापाची गोळी का पडते?

मुख्य कारण चेरी. जुन्या पद्धतीत गोळीच्या आकाराचे, दाते असलेले एक कटर बनवत. तेच चेरी. ती फिरत ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी ठोकळे तिच्यावर दाबत न्यायचे. ठोकळे एकमेकांना टेकले की पोकळी तयार. नाक, पट्टे (गोळीच्या अंगावरची, नळीला टेकणारी उंच कडी), खाचा (पट्ट्यांच्या मधल्या, ग्रीस भरायच्या), सगळे एकाच वेळी कापले जाई.

यात तीन गोष्टी बिघडतात. पहिली, चेरी झिजते. धार लावली की ती आणखी बारीक होते. नव्या चेरीचा पहिला साचा आणि तिच्या अखेरच्या दिवसांतला साचा यांच्यात दोन-तीन थाऊंचा फरक सहज पडतो, नंबर मात्र दोन्हींवर तोच. दुसरी, चेरी पार झिजली की नवी घडवतात, आणि नवी चेरी जुनीची तंतोतंत नक्कल नसते. पट्ट्याची रुंदी, खाचेचा कोन, नाकाची वळण यांत कारागिराचा हात आणि त्या वेळचे ड्रॉइंग उतरते. तिसरी, ठोकळे पूर्ण टेकेपर्यंत दाबले गेले नाहीत किंवा चेरी मधोमध नसली, तर पोकळी लंबगोल होते. एका दिशेने 0.430 आणि सांध्याच्या आरपार 0.428 असे माप त्यामुळेच मिळते.

आजचे बरेच लहान कारखाने चेरी वापरत नाहीत. ठोकळे एकत्र घट्ट धरून सीएनसी लेथवर बारीक बोअरिंग टूलने पोकळी आतून कोरतात. टूल झिजले तर प्रोग्रॅममध्ये आकडा दुरुस्त करता येतो आणि गिऱ्हाइकाला हवा तो व्यास मागवता येतो. नव्या साच्यांची ही खरी कमाई आहे. चेरीवर चालणाऱ्या कारखान्याकडून कंपनीने ठरवलेला व्यास मिळे, तोही झिजेच्या हिशेबाने कमी-जास्त.

429421 बद्दल इतकी चर्चा का? जुन्या-नव्यात नेमके काय बदलले?

हा एक साचा नीट समजला की बाकीचे आपोआप समजतात, म्हणून जरा सविस्तर.

एल्मर कीथ यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस .44 स्पेशलसाठी ही गोळी आखली. .44 मॅग्नम 1955 मध्ये आले, तेव्हा हीच गोळी तिथेही चालली. वजन सुमारे 250 ग्रेन, म्हणजे 16.2 ग्रॅम. मूळ आखणीत समान रुंदीचे तीन पट्टे. पुढचा पट्टा पूर्ण व्यासाचा आणि केसच्या बाहेर राहणारा, म्हणजे गोळी रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरच्या भोकात सरळ धरली जाते. ग्रीसची खाच रुंद, खोल आणि चौकोनी: तळ सपाट, कोपरे काटकोनी. नाकाला खांद्यासारखी पायरी आणि पुढे सपाट तोंड.

पुढच्या काळातल्या बऱ्याच साच्यांत ग्रीसची खाच गोल तळाची झाली आणि पुढचा पट्टा अरुंद झाला. खुद्द कीथ यांना हा बदल पसंत नव्हता आणि ते त्यांनी लिहून ठेवले.

बदल का झाला ते गोळी साच्यातून सुटते कशी यावरून कळते. ठोकळे उघडतात गोळीच्या अक्षाला काटकोनात. चौकोनी खाचेच्या भिंतीही अक्षाला काटकोनातच असतात. म्हणजे भिंत आणि ओढ एकाच दिशेत. तिथे जराही उतार नसतो, भिंतीचा सगळा पृष्ठभाग शिशावर घासत सुटतो, आणि कडेला केसाएवढा बर (कापताना उरलेला धातूचा कंगोरा) राहिला तरी गोळी अडकते. गोल खाचेला सगळीकडे उतार असतो, ठोकळा हलताच गोळी सुटते. चेरीचे काटकोनी दाते लवकर बोथट होतात, गोल दाते टिकतात, हीही कारखान्याची सोय. पण गोल खाचेत ग्रीस कमी मावते, आणि अरुंद पुढचा पट्टा गोळीला कमी आधार देतो. वेगवान लोडमध्ये (जोरदार दारू भरलेल्या काडतुसात), लांब नळीत हा फरक जाणवतो. कागदी लक्ष्यावर संथ गतीने नेम धरणाऱ्याला कदाचित जाणवणारही नाही.

हातातला साचा कोणत्या प्रकारचा ते पाहायला एक गोळी ओता आणि खाचेत नख फिरवा. चौकोनी खाचेत नख कोपऱ्याला अडते, गोल खाचेत वाटीसारखे घसरत वर येते. मग तिन्ही पट्ट्यांची रुंदी व्हर्नियरने मोजा. पुढचा पट्टा बाकी दोघांपेक्षा अरुंद असेल तर आखणी नंतरची.

कॅटलॉगमध्ये 250 ग्रेन लिहिले आहे, माझी गोळी 243 ची पडते. साचा बिघडलेला आहे का?

बहुधा नाही, मिश्रधातू वेगळा आहे. शिशाची घनता 11.34, कथिलाची 7.29, अँटिमनीची 6.69. पोकळी तेवढीच असली तरी कथील-अँटिमनी वाढले की गोळी हलकी होते. 16 भाग शिसे आणि 1 भाग कथील यांत 250 ग्रेन देणारी पोकळी शुद्ध शिशात सुमारे 258, लायमन नंबर 2 मिश्रणात सुमारे 243 आणि लायनोटाइप धातूत 235 च्या आसपास देते. नंबर 2 म्हणजे 90 टक्के शिसे, 5 कथील, 5 अँटिमनी. लायनोटाइप म्हणजे 84 शिसे, 12 अँटिमनी, 4 कथील. हा छापखान्याचाच धातू आहे. आपल्याकडच्या खिळ्यांच्या छपाईतही याच कुळातले मिश्रण असे. अमेरिकेत वृत्तपत्रांनी लायनोटाइप यंत्रे मोडीत काढली तेव्हा हा धातू छंदिष्टांच्या हाती भरपूर आला.

जुन्या काळी साच्याचे वजन कथील-शिशाच्या मिश्रणावर मोजून छापत, पुढे लायमनने नंबर 2 धरला. म्हणून जुना आणि नवा कॅटलॉग शेजारी ठेवून वजनांची तुलना करण्यात अर्थ नाही.

व्यासही बदलतो. अँटिमनी असलेले मिश्रण गोठताना कमी आक्रसते, म्हणून लायनोटाइपची गोळी शुद्ध शिशाच्या गोळीपेक्षा एक-दोन थाऊ जाड पडते. दोन साच्यांची तुलना करायची तर एकाच भांड्यातला धातू, एकच तापमान, आणि प्रत्येकी निदान दहा गोळ्या. पहिल्या पाच-सहा टाकून द्यायच्या, तेव्हा साचा अजून गार असतो.

बीड, ॲल्युमिनियम आणि पितळ यांत प्रत्यक्ष फरक काय?

आयडियल, लायमन आणि आरसीबीएस यांचे साचे बिडाचे किंवा लोखंडी जातीचे. ली प्रिसिजनने 1970 च्या दशकात स्वस्त ॲल्युमिनियमचे साचे आणले आणि नव्या माणसाला हा छंद परवडू लागला. पितळी साचे अलीकडच्या लहान कारखान्यांमुळे सर्रास झाले.

बीड उष्णता सावकाश घेते आणि सावकाश सोडते. गरम व्हायला वेळ लागतो, पण एकदा तापले की मध्ये दोन मिनिटे थांबलात तरी बिघडत नाही. ॲल्युमिनियम बिडापेक्षा चारपट वेगाने उष्णता वाहून नेते आणि तेवढ्याच आकारमानाच्या ठोकळ्यात उष्णता सुमारे पाव भाग कमी मावते. म्हणून ते चटकन तापते आणि चटकन निवते. ॲल्युमिनियमच्या साच्यावर हात एका लयीत चालला पाहिजे. थांबलात की पुढच्या दोन गोळ्या सुरकुतलेल्या पडतात. पितळ दोघांच्या मध्ये बसते, गंजत नाही, पण वजनदार असते. चार पोकळ्यांचा पितळी साचा तासभर धरला की मनगट दुखते.

प्रसरणाचाही हिशेब आहे. 0.430 ची पोकळी 180 अंशांनी तापली की बिडात ती सुमारे 0.0009 ने वाढते, ॲल्युमिनियममध्ये सुमारे 0.0018 ने. म्हणजे थंड असताना सारखी मोजलेली पोकळी गरम असताना जवळजवळ एक थाऊ वेगळी असते. थंड पोकळीत मोजपट्टी घालून व्यास ठरवू नका. गोळी ओता, गार होऊ द्या आणि मायक्रोमीटरने मोजा, सांध्यावर आणि सांध्याच्या काटकोनात, असे दोनदा.

जुन्या साच्यावर बारीक रेघा नाहीत. नव्यावर असतात. त्या कशासाठी?

त्या व्हेंट रेषा, हवा निघायच्या वाटा. शिसे आत शिरताना हवेला बाहेर जायला जागा हवी. रेघा इतक्या उथळ असतात की हवा जाते पण शिसे आपल्या पृष्ठताणामुळे आत शिरत नाही. फार जुन्या आयडियल साच्यांवर बऱ्याचदा त्या नसतात, त्यामुळे पट्ट्यांचे कोपरे पूर्ण भरत नाहीत.

उपाय आहे, पण हात आवरून. स्प्रू प्लेट पाव फेरा सैल करून पाहा, बुडाजवळची हवा तिथून निघते. तेवढ्याने भागले नाही तर ठोकळ्यांच्या आतल्या वरच्या कडेवर, पोकळीपासून दूर, अगदी हलक्या हाताने कानस फिरवून केसाएवढी तिरपी कड काढतात. पोकळीच्या तोंडाची कड मात्र कधीच मारू नये. ती एकदा गेली की प्रत्येक गोळीच्या बुडाला पाकळी येते आणि ती परत बसवता येत नाही. साच्यावर रेघा आहेत पण काजळी आणि शिशाने भरल्यात, असेही पुष्कळदा दिसते. लाकडी काडीने आणि केरोसीनने साफ करा.

जुना साचा विकत घेताना काय पाहावे?

ठोकळे बंद करून उजेडासमोर धरा. सांध्यातून प्रकाश दिसला तर ठोकळे टेकत नाहीत. कारण कधी पिन बाहेर आलेली असते, कधी सपाट तोंडावर शिशाचा ठिपका चिकटलेला असतो. ठिपका साचा तापवून काडीने पुसता येतो. पिन हलकेच ठोकून आत नेता येते.

मग आतल्या कडा. बोटाने चाचपा. आधीच्या मालकाने अडकलेली गोळी स्क्रूड्रायव्हरने उकरली असेल तर पोकळीच्या कडेला खळी असते आणि दरवेळी गोळीवर तिथे पंख (शिशाची पातळ झालर) उगवतो. असा साचा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

दोन्ही ठोकळ्यांवर जोडीचा छोटा नंबर कोरलेला असतो, तो जुळतो का पाहा. दोन वेगळ्या साच्यांचे अर्धे एकत्र करून विकलेले साचे सापडतात. पोकळ्या जुळल्यासारख्या दिसतात, गोळीवर मात्र सांध्याला पायरी येते.

स्प्रू प्लेट वाकलेली नसावी. काचेवर ठेवून एका कोपऱ्याला दाबा, डुगडुगली तर वाकलेली. तिचा स्क्रू जागच्या जागी राहावा म्हणून बाजूने एक छोटा लॉक स्क्रू असतो. तो हरवलेला असला की ओतताना प्लेट सैल होत जाते आणि बूड वर फुगते. नवा स्क्रू काही रुपयांत बसतो, फक्त आटे अमेरिकी मापाचे असतात.

आणि शक्य असेल तर विकणाऱ्याकडून एक ओतलेली गोळी मागा, सोबत मिश्रधातूचे नाव. नंबराच्या फोटोपेक्षा ती एक गोळी जास्त सांगते.

गंजलेला बिडाचा साचा वाचवता येतो का?

वरवरचा गंज असेल तर हो.

1. साचा हँडलवरून काढा, स्प्रू प्लेट सुटी करा. स्क्रू अडला तर जोर लावू नका, आत शिरणारे तेल सोडून रात्रभर ठेवा.
2. ठोकळे केरोसीनमध्ये एक दिवस बुडवून ठेवा.
3. पितळी ब्रशने किंवा सगळ्यात बारीक, 0000 क्रमांकाच्या स्टील वुलने बाहेरून आणि सपाट तोंडावरून अलगद पुसा. पोकळीत फक्त लाकडी काडी आणि नायलॉनचा जुना दातांचा ब्रश.
4. भांडी घासायचा साबण आणि गरम पाणी, मग लगेच गरम तव्यावर किंवा हॉटप्लेटवर पूर्ण कोरडे करा.
5. ओतून पाहा.

ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश, सँडब्लास्ट आणि पॉलिश पेपर या तिन्हींपासून साचा लांब ठेवा. गंजाच्या बारीक खड्ड्यांनी गोळीवर काळसर ठिपके पडतात, त्याने नेम बिघडत नाही. पण घासून पोकळी मोठी किंवा कडा गोल झाल्या की साचा संपला. खड्डे इतके खोल असतील की गोळी त्यांना धरून बसते, तर तो साचा संग्रहात ठेवावा.

जुन्या ठोकळ्याला नवे हँडल बसते का?

सगळ्यात जुने आयडियल साचे हँडलसह एकसंध असत, काही तर काडतुसे पुन्हा भरायच्या पक्कडीसारख्या अवजाराच्या टोकालाच होते. लोखंडी मूठ तापते, हातमोजा लागतो. पुढे सुटे ठोकळे आणि लाकडी मुठी आल्या. एक, दोन आणि चार पोकळ्यांच्या ठोकळ्यांना वेगवेगळी हँडले लागतात. घेण्याआधी हँडलच्या पात्याची जाडी, ठोकळ्याच्या खाचेची रुंदी आणि स्क्रूच्या भोकाचे अंतर मोजा. ठोकळा हँडलवर जरासा हलला पाहिजे. घट्ट बसला तर पिना ठोकळ्यांना जुळवू शकत नाहीत, हँडलच त्यांना तिरके ओढते.

लीच्या दोन पोकळ्यांच्या साच्यात जुना-नवा फरक इथेच आहे. जुन्यात ॲल्युमिनियममध्येच कोरलेल्या खाचा आणि उंचवटे एकमेकांत बसत, ते झिजत. नव्यात पोलादी पिन आणि बुश आहेत. जुना ली साचा बंद करताना ठोकळे टेबलाच्या सपाट फळीवर टेकवून बंद केले तर बरीच झीज वाचते.

नवा साचा पहिल्यांदा वापरताना काय करावे?

कारखान्याचे कापण्याचे तेल आत असते. डोळ्यांना दिसत नाही, पण ते जाईपर्यंत सुरकुत्या थांबत नाहीत. साबण, गरम पाणी, ब्रश, पुन्हा एकदा तेच. मग ॲल्युमिनियम आणि पितळी साचा हॉटप्लेटवर सुमारे 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पूर्ण गार होऊ द्यायचा, असे तीनदा. पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि शिसे चिकटत नाही. ॲल्युमिनियमला आगपेटीच्या काडीची किंवा मेणबत्तीची काजळी धरण्याची पद्धत आहे, ती पातळ असेल तर चालते. मेण पडू देऊ नका. बिडाला काजळीची गरज नसते.

पिना आणि स्प्रू प्लेटच्या खिळीला टू-स्ट्रोक इंजिनचे सिंथेटिक तेल, कापसाच्या बोळ्याच्या टोकावर मावेल एवढेच. जास्त झाले तर ते पोकळीत उतरते आणि पुन्हा साबणापासून सुरुवात.

गोळ्या सुरकुतलेल्या, पांढुरक्या किंवा पंख असलेल्या पडतात. दोष कुठे?

सुरकुत्या आणि चमक असेल तर साचा गार आहे किंवा तेल राहिले आहे. ओतण्याआधी ठोकळे हॉटप्लेटवर 170 ते 200 अंशांवर ठेवा, शिसे 370 ते 400 अंशांवर. गोळी एकसारखी पांढुरकी, पिठूळ दिसत असेल तर साचा जास्त तापला आहे, पण अशी गोळी चालते. फक्त वेग कमी करा. एका बाजूलाच पांढुरकी असेल तर त्या बाजूचा ठोकळा तापला आहे.

पट्ट्यांचे कोपरे गोल राहतात त्याची कारणे तीन: गार साचा, तुंबलेल्या व्हेंट रेषा किंवा कथिलाची कमतरता. एक-दोन टक्के कथील घातले की शिसे कोपऱ्यात पळते. कोपरे कशानेच भरेनात आणि भांड्यात ओटमीलसारखी जाड साय येऊ लागली तर जस्त मिसळले आहे. शिशासाठी भंगारातून घेतलेल्या टायरच्या वजनांत (चाकाचा तोल साधायला लावतात ती) जस्ताची वजनेही असतात, ती 419 अंशांनंतर वितळतात. म्हणून भंगार वितळवताना तापमान 370 च्या वर नेऊ नका, जस्ताचे तुकडे वर तरंगतात ते पळीने काढता येतात.

सांध्यावर पंख आले तर ठोकळे टेकत नाहीत. बुडाला ओरखडा पडला तर स्प्रू लवकर कापला. स्प्रूची चमक जाऊन तो मंद झाल्यावर दोन-तीन सेकंद थांबा. गोळी सुटत नसेल तर लाकडी दांडक्याने हँडलच्या बिजागरीच्या बोल्टवर टिचकी मारा. ठोकळ्यांवर कधीही नाही. जुन्या साच्यांवरचे बहुतेक घाव याच एका चुकीचे आहेत.

साचा लहान माप देतो. मोठे करता येते का?

गोळी बंदुकीच्या नळीत आतून कोरलेल्या खोल खाचांमधल्या व्यासापेक्षा साधारण एक थाऊ जाड हवी, नाहीतर वायू बाजूने निसटतो आणि नळीत शिसे माखते. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरच्या पुढच्या भोकाचे मापही जुळावे लागते. मोठी गोळी साइझिंग डायमधून (ठरावीक मापाच्या पोलादी भोकातून) दाबून लहान करता येते, लहानाची मोठी होत नाही. म्हणून शंका असेल तर मोठ्या मापाचा साचा घ्या.

तात्पुरता उपाय म्हणजे एका ठोकळ्याच्या सपाट तोंडावर, पोकळीपासून अंतर राखून, ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीचे अरुंद तुकडे लावणे. ठोकळे किंचित दूर राहतात, गोळी एक-तीन थाऊ जाड पडते. ती लंबगोल होते आणि बारीक पंख येतात, पण साइझिंगमध्ये दोन्ही बसते. कायमचा उपाय म्हणजे 400-600 क्रमांकाच्या पॉलिश पेस्टमध्ये ओतलेली गोळी बुडवून पोकळीत फिरवणे. यात काढलेला धातू परत येत नाही, आणि चौकोनी खाचेचे कोपरे सगळ्यात आधी जातात. मूळ आखणीच्या जुन्या 429421 वर हा प्रयोग करू नये.

पोकळ नाकाच्या साच्यात काय बदलले?

जुन्या लायमनमध्ये नाकाची पिन खालून घालायची, प्रत्येक गोळीला काढायची. पिन गार झाली की नाक भरत नाही. ती त्या साच्यापुरतीच घडवलेली असे, हरवली तर दुसऱ्या साच्याची बसत नाही. नव्या साच्यांत पिना ठोकळ्यातच सरकत्या पट्टीवर राहतात, गरम राहतात. या एका बाबतीत नवा साचा निर्विवाद सरस आहे.

शिशापासून काय जपावे?

भांड्यात पाण्याचा एक थेंब गेला तर त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेले शिसे छतापर्यंत उडते. ओली पळी, ओला भंगार, घामाचा थेंब, सगळे यात आले. डोळ्यांना गॉगल, पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, चामडी बूट. नेहमीच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही, 500 अंशांच्या पुढे नेऊ नका. खरा धोका वितळलेल्या शिशावर येणाऱ्या मळीच्या बारीक धुळीतून आणि हातातोंडातून असतो. उघड्या, वारा असलेल्या जागी ओता. तिथे खाणे-पिणे नाही, लहान मुले नाहीत, गर्भवती स्त्री नाही. स्वयंपाकघरातले भांडे एकदा शिशाला वापरले की ते पुन्हा स्वयंपाकात नाही. हात आधी थंड पाण्याने आणि साबणाने धुवा.

महाराष्ट्रात किंवा भारतात हे करता येईल का?

परवान्याशिवाय नाही. शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये ‘दारूगोळा’ या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, आणि कलम 5 प्रमाणे निर्मितीला परवाना लागतो. घराण्यातल्या पेटीत जुना साचा सापडला तर तो वापरून पाहू नका, वकिलाचा सल्ला घ्या. अमेरिकेत स्थायिक मराठी नेमबाजांना स्वतःपुरत्या गोळ्या ओतायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकण्याचा व्यवसाय करायचा तर लागतो, आणि राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात.

साचा ठेवताना काय करावे?

बिडाचा साचा पूर्ण गार झाल्यावर गंजरोधक तेलाचा पातळ हात, मग बाष्प शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डब्यात. ॲल्युमिनियम-पितळेला तेल लागत नाही. डब्यात त्याच साच्याची एक चांगली गोळी ठेवा आणि चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा: दोन्ही दिशांचा व्यास, वजन, मिश्रधातू, ओतल्याची तारीख. पुढच्या वर्षी तोच साचा काढाल तेव्हा, किंवा तो दुसऱ्याच्या हाती जाईल तेव्हा, नंबराशी ताडून बघायला ती गोळी तिथे असेल.